लांबचा वळसा

मोठ्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, शवागाराला भिंत लावून, धुलाईघर आहे. दवाखान्यात येणाऱ्याला ते कधी दिसत नाही. त्याला दिसते पलंगावरची पांढरी चादर. ती कुठून आली, तिच्यावर काल कोण झोपलं होतं, हे कुणी विचारत नाही, आणि न विचारलेलंच बरं.

या धुलाईघरात वहिनी घड्या घालते. तिचं खरं नाव हजेरीपटावर आहे, बाकी कुठे नाही. नवरा सगळ्यांचा लाडका, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. तो गेला तरी नातं तेवढं मागे राहिलं. इतकी वर्षं इस्त्रीच्या रोलरमधून निघालेल्या गरम चादरी झेलून तिच्या तळहातांना चटका कळेनासा झाला आहे. घरी ती गॅसवरचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवते आणि लेक समोर बसून डोळे मिटून घेते. "फडकं घे ना, आई," लेक म्हणते. "फडकं धुवायला लागतं," वहिनी म्हणते.

नवरा डावखुरा होता. धुलाईघरात खऱ्या नावाने कुणालाच हाक मारत नाहीत. त्याला सगळे डावऱ्या म्हणत.

आता घडी कशी घालतात ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या घडीवरच अडलेलं आहे. चादर रोलरमधून बाहेर पडते ती पत्र्यासारखी ताठ. दोघं जण दोन टोकं धरतात, मागे सरकतात, चादरीला एक झटका देतात आणि एकमेकांकडे चालत येतात. एक असतो देणारा, एक घेणारा. देणारा आपले कोपरे घेणाऱ्याच्या हातात देतो, वाकून खालची दुमड उचलतो, पुन्हा मागे जातो. असं करत करत घेणाऱ्याच्या हातात चौकोन उरतो. घेणाऱ्याच्या उजव्या हाताला गाडा असतो, डाव्या हाताला रोलर. चौकोन उजव्या हातात, उजवीकडे वळायचं, गाड्यावर ठेवायचा. देणाराही त्याच वेळी गाड्याकडे वळतो. रांगेत अशा कितीतरी जोड्या असतात आणि सगळ्या एकदम वळतात; न वळल्या तर कोपराला कोपर लागतं.

डावऱ्या घेणारा होता आणि त्याच्यासमोर देणारी वहिनी. तो चौकोन डाव्या हातात घ्यायचा आणि डावीकडूनच वळायचा, म्हणजे अख्खा लांबचा वळसा घालून गाड्याशी पोचायचा. त्यामुळे दर घडीला एक क्षण असा यायचा की सगळ्या रांगेची तोंडं गाड्याकडे आणि याचं एकट्याचं रोलरकडे.

रोलरवर मावशी बसायची. तोंडाने तिखट, हाताने सढळ. डावऱ्याचं तोंड आपल्याकडे आलं की ती म्हणायची, "डावऱ्या, तुझी सासुरवाडी तिकडे आहे रे, इकडे नाही."

"सासुरवाडीच अंगावर आली म्हणून तर पळतोय, मावशी."

"पळ. पळून पळून परत तिच्याच हातात कोपरे द्यायचेत."

"मी देत नाही, मी घेतो. देणारी ती."

विनोद रोजचा होता आणि हसणंही रोजचं. वाफेत दिवसभर उभं राहिलेल्या माणसाला नवा विनोद परवडत नाही. मुकादम तेवढा चिडायचा. "माझ्या खात्यात घडी चुकत नाही," असं तो मोठ्या डॉक्टरांनाही सांगायचा. डावऱ्या म्हणायचा, "काका, घडी कुठे चुकते? घडी सरळच आहे. माणूस वाकडा आहे."

नाच याच खोलीत जन्मला. रोलरच्या एका बाजूचं बेअरिंग झिजलेलं होतं. त्यामुळे ड्रम फिरताना दोनदा धडधड व्हायची आणि मग एक ठोका गायब. धड, धड, आणि शांत. कानाला सवय झाली की पाय आपोआप त्याच्यावर पडायचे. मशीन बंद पडलं की सगळे रिकामे उभे राहायचे, आणि मग मुकादमाची पाठ वळली की मावशी साबणाच्या रिकाम्या डब्यावर तोच ठेका धरायची. धड, धड, शांत. रांग चादरीशिवायच घड्या घालू लागायची. मागे सरकायचं, झटका, जवळ यायचं, कोपरे द्यायचे, वळायचं. वाकायचं ते कमरेतून, झटका द्यायचा तो खांद्यातून. कुणीतरी वळताना टाच आपटायला सुरुवात केली, कुणी शेवटी बोटं पसरून घडी हवेत सोडून दिली. लग्नाबिग्नात पुढे हाच नाच होऊ लागला. दवाखान्याच्या लोकांचा नाच, म्हणून शहरातले लोक नाक मुरडायचे.

मग धुलाईघर, स्वयंपाकघर आणि सफाई ठेकेदाराला देण्याचं ठरलं. निम्म्या लोकांना घरी बसवणार होते. लोक सरकारी खजिन्यासमोरच्या चौकात जमू लागले. हुकूम निघाला: चौकात घोषणा नाहीत, भाषण नाही, फलक नाही, काळी फीत नाही. नाचाचं नाव हुकमात नव्हतं. पहिल्या दिवशी ते खरीखुरी चादर घेऊन गेले, तर पोलिसांनी काढून घेतली. पांढऱ्या कापडावर कधीही काही लिहिता येतं म्हणाले. तेव्हापासून रिकाम्या हातांनी नाचू लागले. एका टोकाला दवाखान्याचं फाटक, दुसऱ्या टोकाला खजिना आणि त्याच्यासमोर पोलिसांची रांग. त्यांनी ठरवलं, गाडा दवाखान्याच्या बाजूला समजायचा. म्हणजे वळलं की तोंड आपल्या घराकडे आणि पाठ त्यांच्याकडे. "त्यांची तोंडं बघत कोण नाचणार," मावशी म्हणाली होती.

आणि गाडा दवाखान्याकडे म्हटल्यावर रोलर खजिन्याकडे आला.

त्या दिवशी दुपार उतरली होती. वहिनीने कोपरे दिले आणि वळली. पाठीमागून मावशीचा आवाज आला, "डावऱ्या, तुझी सासुरवाडी तिकडे नाही रे." रांग हसली. मग धडधड झाली. वहिनीला वाटलं, डब्याचा ठेका चुकला, शांत असायच्या जागी ठोका आला. शेजारची मुलगी हसता हसताच खाली बसली. वहिनीने मागे पाहिलं तर डावऱ्या दगडांवर पडलेला होता, डावा हात छातीशी घट्ट धरून, घडी सुटू नये तसा.

त्या रांगेतले बरेच जण शवागारात गेले. त्यांच्या अंगावर ज्या चादरी घातल्या त्या याच लोकांनी घडी करून ठेवलेल्या. आणि दुसऱ्या दिवशी त्या चादरी धुवायला भिंतीपलीकडून इकडेच आल्या. शहरात दुसरं धुलाईघर नव्हतं. मावशीने वहिनीला दारातूनच परत पाठवलं. थंड पाण्यात, मीठ टाकून, तिने त्या एकटीने धुतल्या. गरम पाण्याने रक्त धरतं, हे तिथे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

सरकारने चौकशी बसवली. जमाव पोलिसांवर चालून आला म्हणून गोळ्या चालल्या, असं सरकारचं म्हणणं. बाकी सगळ्यांच्या जखमा पाठीत होत्या, पण ते पळताना लागलं असं म्हणता येत होतं. डावऱ्याची जखम छातीत होती. तोच पुढे धावला, तोच पहिला पडला, आणि मग पळापळ झाली, अशी ती गोष्ट बसवली गेली.

मुकादमाची साक्ष झाली. त्याला विचारलं, "नाच चालू होता म्हणता. मग वळताना कुणाचं तोंड पोलिसांकडे असणं शक्य होतं का?" मुकादम ताठ उभा राहिला. त्याच्या खात्यातली माणसं गेली होती, त्यांची अब्रू तरी त्याच्या हातात होती. तो म्हणाला, "माझ्या रांगेत कुणीही कधी चुकलेलं नाही, साहेब." वहिनी मागच्या बाकावर बसली होती. लेक मांडीवर झोपली होती. वहिनीला मुकादमकाकांचे पाय धरावेसे वाटले, इतकं बरं वाटलं. गेलेल्या माणसाला चारचौघांत कुणी वेंधळा म्हणालं नाही.

चौकशीच्या साहेबांनी मात्र सरळ हिशोब केला. रांगेत कुणी चुकत नव्हतं, म्हणजे जो पोलिसांकडे तोंड करून होता तो नाचत नव्हता.

हे धुलाईघरातल्या लोकांच्या लक्षात आलं तेव्हा अहवाल छापून झाला होता. नंतर कुणीच त्या गोष्टीकडे परत गेलं नाही. दरवर्षी त्या दिवशी ते चौकात जातात आणि तोच नाच नाचतात, त्या वळणापर्यंत. वळले की तिथेच थांबतात. पुढचा नाच कुणी नाचत नाही. गेलेल्यांच्या जागी त्यांच्या घरचं माणूस उभं राहतं, आणि गेलेल्याचं उणं काढायचं नाही म्हणून डावऱ्याच्या जागीही सरळच वळतात. आधी त्याचा भाऊ वळायचा, तो गाव सोडून गेल्यावर लेक. मावशी डबा वाजवते, तोंडातून शब्द काढत नाही. तिची जीभ त्या दिवशी जी आत गेली ती कामापुरतीच बाहेर आली.

लेक वाढली. लहानपणी खेळणं डाव्या हातात घ्यायची, चमचा डाव्या हातात धरायची. वहिनी हलकेच चापट मारायची. पेन्सिल डाव्या हातात दिसली की काढून उजव्या हातात द्यायची. तिच्या मनाने घेतलं होतं की त्या हातानेच घात केला. उजवा असता तर पाठीत लागलं असतं, पाठीत लागलेले दोघे-तिघे वाचलेही होते. हे ती कुणाला बोलली नाही. मुलगी उजव्या हाताची झाली. आता ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करते, आणि मालक जेवायला गेला की बारीक डाग देताना सोल्डरिंग आयर्न आपोआप डाव्या हातात येतो, हे तिने आईला कधी सांगितलेलं नाही.

तर, सरकार बदललं आणि नवा आयोग नेमला गेला. घरच्यांच्या बाजूने एक वकीलबाई उभी राहिली, तरुण, पायात कॅनव्हासचे बूट. ती वहिनीच्या खोलीवर आली. एक खोली, पलीकडे मोरी, खिडकीत वाळत घातलेले गणवेश. वहिनीने तिला पलंगावर बसवलं आणि स्वतः डब्यावर बसली.

"वहिनी, नाच आपल्या बाजूने आहे," वकीलबाई म्हणाली. "वळल्यावर सगळ्यांच्या पाठी पोलिसांकडे होतात. पाठीतल्या जखमा म्हणजे लोक नाचत होते, पळत नव्हते. हे मी आयोगासमोर नाचूनच दाखवणार आहे. फक्त एक जखम आडवी येते."

वहिनीने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला.

"ते एकटे समोर तोंड करून का होते? काही आठवतं? कुणी हाक मारली? काही पाहिलं?"

"बाबा कधी चुकायचे नाहीत," लेक दारातून म्हणाली. नुकतीच कामावरून आली होती. "सगळ्या रांगेत त्यांचं वळण चांगलं होतं. हो ना, आई?"

वहिनी म्हणाली, "चहा गार होतोय."

वकीलबाई गेल्यावर लेक केस विंचरत बसली. वहिनीने पलंगावरची चादर ओढली आणि एक टोक तिच्याकडे फेकलं. "धर."

"आत्ता? धुतलेली आहे की."

"धर म्हणते ना."

खोली एवढीशी, की मागे सरकताना लेकीची पाठ भिंतीला लागली. दोघींनी झटका दिला. वहिनी चालत पुढे आली, कोपरे दिले, वाकली, पुन्हा मागे गेली. चौकोन झाला तसं ती म्हणाली, "आता डाव्या हातात घे. आणि डावीकडून वळ."

"पलंग उजवीकडे आहे."

"असू दे. डावीकडून वळ."

लेक वळली. अख्खी गिरकी घेऊन पलंगाशी पोचली. मधेच क्षणभर तिचं तोंड भिंतीकडे झालं. आणि वळण इतकं सहज झालं, जणू आजवर कुणीतरी तिचा पाय दाबून धरला होता आणि आता सोडला.

"तुझा बाप असा वळायचा," वहिनी म्हणाली. "रोज. मुकादमकाका शिव्या द्यायचे. सगळे हसायचे त्याला."

लेकीने घडीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "मला सगळ्यांनी सांगितलं, ते कधी चुकायचे नाहीत."

"सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं."

"आणि मला चमच्यावरून मारायचीस ते?"

वहिनी पदराचं टोक चौकोनी दुमडू लागली.

"म्हणजे माझा हात मारत नव्हतीस. त्यांचा मारत होतीस."

"मला तू राहायला हवी होतीस," वहिनी म्हणाली. लेकीने ती चादर पुन्हा उलगडली, पलंगावर अंथरली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. चार दिवस दोघी कामापुरतं बोलल्या. पाचव्या दिवशी लेकीने भाजी चिरायला सुरी डाव्या हातात घेतली आणि आईकडे पाहिलं. आईने तोंड फिरवून घेतलं, पण चापट मारली नाही.

मुकादमाच्या घरी वहिनी एकटीच गेली. तो आता थकलेला, कानाने अधू, सून सांगेल तेवढंच ऐकणारा.

"काका, आयोगाला खरं सांगायचं आहे. तो लांबच्या वळशाने वळायचा."

"कोण?"

"डावऱ्या."

"तो उत्तम माणूस होता."

"उत्तम होता. पण वळायचा उलटा."

मुकादमाने हाताची बोटं चादरीवर पसरली, जणू सुरकुती काढतोय. "मी शपथेवर सांगितलंय, वहिनी. माझ्या रांगेत कुणी चुकत नाही."

"चूक नव्हतीच ती, काका. त्याचा हात तिकडचा होता."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही बोललात ते मला गोड लागलं."

म्हातारा रडला नाही. त्याने सुनेला हाक मारली आणि चांगला सदरा काढून ठेवायला सांगितला.

सुनावणी जुन्या सभागृहात झाली. जाड गालिचा, भिंतीला चित्रांच्या चौकटींचे फिकट चौकोन. टेबलं बाजूला सारली. धुलाईघरातल्या जोड्या उभ्या राहिल्या. मावशी खुर्चीत, मांडीवर डबा. गालिच्यावर टाचांचा आवाज होईना. धड, धड, शांत. वहिनीने कोपरे दिले आणि सगळ्यांबरोबर वळली. लेक डावीकडून वळली. थांबले. आयोगाच्या साहेबांनी चष्मा वर केला. ते वाईट माणूस वाटत नव्हते.

मग मुकादम बोलला. आपली जुनी साक्ष चुकली, असं म्हणाला. आवाज एवढा लहान, की साहेबांना दोनदा विचारावं लागलं.

सरकारी वकील उठला. केस पांढरे, बोलणं मऊ. त्याने लेकीला पुढे बोलावलं. "बाळ, वडिलांच्या जागी किती वर्षं नाचतेस?"

"शाळेपासून."

"छान." त्याने पडद्यावर चित्रफीत लावली. चौकातला नाच, मागच्या वर्षीचा. लेक उजवीकडे वळत होती. मग त्याच्या आदल्या वर्षीचा. मग लेकीच्या जागी तिचा काका, तोही उजवीकडे. एकामागून एक वर्षं पडद्यावर उजवीकडे वळत गेली. "हे सगळं चित्रण तुमच्याच लोकांनी केलेलं आहे. दरवर्षी तुम्ही सांगता, जसं झालं तसंच आम्ही नाचतो. बरोबर?"

"हो."

"आज जे वळण दाखवलंस ते कुणी शिकवलं?"

"आईने."

"कधी?"

लेकीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, खरं सांग अशी. "गेल्या महिन्यात."

"वकीलबाई तुमच्या घरी येऊन गेल्यावर?"

"हो."

"बस, बाळ. धन्यवाद." तो खाली बसला. जिंकल्याचा आनंदही त्याच्या तोंडावर नव्हता. वकीलबाईने वहिनीला विचारलं, ते डावखुरे होते याचा एखादा पुरावा? हजेरीपट निघाला, अंगठे निघाले, फोटो निघाले. सरकारी कागदावर माणसाची उंची असते, अंगावरची खूण असते. कुठल्या हाताचा, हे कुणी लिहीत नाही.

बाहेर पायऱ्यांवर मावशी वहिनीशेजारी बसली. "आपणच त्याला सरळ केला," ती म्हणाली. "त्यांना काही करावंच लागलं नाही."

आयोगाचा निकाल यायचा होता, पण काय येणार ते सगळ्यांना कळलं होतं. त्याआधी वर्षाचा तो दिवस आला. सकाळच्या पाळीनंतर सगळे धुलाईघरात जमले. ड्रायरवर एक तरुण काम करतो, बोलायला फटकळ, डोक्यात कायम काहीतरी शिजत असलेला. तो म्हणाला, "ऐका माझं. या वर्षी सगळेच डावीकडून वळू. सगळ्यांची तोंडं पोलिसांकडे. म्हणावं, घ्या, बघा आमच्याकडे. फोटो काय येईल विचार करा."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. लेकीचेही डोळे चमकले.

"नाही," वहिनी म्हणाली.

"का? चांगलं दिसेल, वहिनी."

"दिसेल चांगलं. पण सरकार काय म्हणत होतं? चालून आले. मग सगळे तिकडे वळून आपणच चालून गेल्यासारखं नाचायचं?" ती गाड्याला टेकून उभी होती. "तुम्ही सगळे नेहमीसारखे वळा. फक्त माझी पोर उलटी वळेल. तेवढंच झालं होतं."

"आणि त्याने काय होणार?" ड्रायरवाला म्हणाला. "निकाल बदलणार आहे?"

"नाही बदलणार."

मग ती मावशीकडे वळली. "आणि तू बोलायचंस."

मावशी डब्याचं झाकण उगाच बसवत राहिली. "मी नाही."

"ती वळली की बोलायचंस. आणि तुम्ही सगळ्यांनी हसायचं."

मुकादम, जो सदरा घालून दारात येऊन बसला होता, म्हणाला, "हसत होतो. खरंच हसत होतो. मीसुद्धा."

दुपार उतरल्यावर ते चौकात गेले. दगड तेच. खजिन्यासमोर पोलिसांची रांग, बहुतेक पोरगेलेसे, त्या दिवशी पाळण्यात असलेले. कंटाळलेले. एकाच्या हेल्मेटचा पट्टा सैल होता आणि तो सारखा हनुवटी खाजवत होता. अधिकारी मोबाइलमध्ये बघत होता.

जोड्या उभ्या राहिल्या. मावशी बाकावर बसली. धड, धड, शांत. मागे सरकले. रिकाम्या हवेला झटका दिला. एकमेकांकडे चालत आले. वहिनीने समोर पाहिलं. लेकीचे हात पसरलेले, खांदा किंचित डावीकडे झुकलेला, आणि क्षणभर तिला कोण समोर आहे ते कळेना. तिने कोपरे दिले. वाकली, उचललं, पुन्हा दिले. वळली. दवाखान्याचं फाटक दिसू लागलं. पाठीमागे लेकीची टाच दगडावर घासत लांबच्या वळशाने गेल्याचं ऐकू आलं.

धड, धड.

शांततेच्या जागी मावशीचा आवाज आला. फाटलेला, पण शब्द स्पष्ट. "डावऱ्या, तुझी सासुरवाडी तिकडे नाही रे."

हसायचं ठरलं होतं. रांगेतल्या कुणाच्याही तोंडून हसू फुटेना. ड्रायरवाला ओठ आवळून उभा होता, शेजारच्या बाईचे खांदे हुंदक्याने हलले. आणि तेवढ्यात मागून कुणीतरी हसलं. खुदकन, मोकळं, न ठरवलेलं हसू. लगेच थांबलं.

वहिनीने डोळे मिटले. असंच, तिच्या मनात आलं. अगदी असंच होतं.

ते नेहमीसारखे तिथेच थांबून राहिले, आणि मग एकेक करून मोकळे झाले. मुकादमाला दोघांनी धरून उठवलं. पोलिसांनी रस्ता रिकामा करायला सांगितलं, फार जोर न लावता. वहिनी आणि लेक दवाखान्याकडे चालू लागल्या. वहिनीची दुसरी पाळी होती.

"मनाला बरं वाटलं," वहिनी म्हणाली. "कोण हसलं गं? ड्रायरवाला?"

लेकीला खोटं सांगणं सोपं होतं. घरात त्याची सवय होती.

"आपल्यातलं कुणी नाही, आई. समोरचा हसला. पट्टा सैल होता तो पोलीस. मी एकटी चुकून उलटी वळले असं वाटलं त्याला. आणि मावशी बोलली तसा हसलाच तो. साहेबाने बघितलं तेव्हा गप्प झाला."

वहिनी फाटकाशी थांबली. तिने मागे चौकाकडे पाहिलं. लोखंडी कठडे उचलून गाडीत टाकत होते, आणि तो पोरगा कुठला, हे इथून ओळखू येत नव्हतं.

"म्हणजे त्याला एका नजरेत कळलं," ती म्हणाली.

"काय?"

"की नाचात कुणीतरी उलटं वळलंय."

लेकीने चौकाकडे वळून पाहिलं.

"मग त्यांनाही दिसलंच असेल," वहिनी म्हणाली. "त्या दिवशी."

आतून रोलर चालू झाल्याचा आवाज येऊ लागला होता. बेअरिंग कधीच बदललं होतं. आता तो एकसारखा फिरतो, कुठेही न थांबता. वहिनीने बाह्या वर सारल्या आणि शवागाराच्या कडेने धुलाईघराकडे चालू लागली.